दीपानं कुठली क्रीम लावली?

२०२४ च्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. मळवली स्टेशनवर लोकलमधून उतरले, द्रुतगती मार्ग ओलांडून चालत भाज्याला पोचले. संध्याकाळी बचत गटाची बैठक होती. पावसाळ्याच्या आत पाण्याचा प्रश्न आणि धबधब्याजवळ कणसं-भजी विकणाऱ्या बायकांच्या जागेचा प्रश्न महिला ग्रामसभेत मांडायचा, असं मागच्या बैठकीत ठरलं होतं. त्याची कागदपत्रं माझ्या पिशवीत होती. मी पोचले तेव्हा पंधरा-सोळा जणी जमल्या होत्या आणि जोरात वाद चालू होता. पाण्यावरून नाही, जागेवरून नाही. वाद होता एका मालिकेतल्या बाईवरून.

"अगं तीच हाय ती! दीपाच हाय!"

"ती नव्हं. दीपा काळी हुती. ही तर गोरीपान हाय."

"आवाज ऐक की तिचा. आन् हसती कशी ते बघ."

'स्टार प्रवाह'वर 'रंग माझा वेगळा' नावाची मालिका २०१९ च्या ऑक्टोबरपासून २०२३ च्या सप्टेंबरपर्यंत चालली. काळ्या रंगामुळे पदोपदी अपमान सोसणाऱ्या दीपाची ही कथा. दीपाची भूमिका रेश्मा शिंदे या अभिनेत्रीनं केली. त्या स्वतः गोऱ्या आहेत. त्यांना रंग लावून काळं केलं जाई. मार्च २०२४ मध्ये त्याच वाहिनीवर 'घरोघरी मातीच्या चुली' ही नवी मालिका सुरू झाली आणि तीच अभिनेत्री जानकी या नावानं, स्वतःच्या मूळ रंगात पडद्यावर आली. आमच्या गटातल्या निम्म्या जणींना हे ठाऊक होतं. निम्म्या जणींना तो धक्का होता. चार वर्षं रोज संध्याकाळी जी घरात येत होती ती दीपा काळी नव्हतीच!

खरं सांगायचं तर मी वैतागले होते. मनात म्हटलं, यांना पाण्याचं बोलायचं नाही, जागेचं बोलायचं नाही, मालिकेचं मात्र तासभर बोलतील. मी कागद बाहेर काढत होते, तेवढ्यात आईच्या मांडीला टेकून बसलेली एक दहा वर्षांची मुलगी म्हणाली, "ताई, मग दीपानं कुठली क्रीम लावली?"

सगळ्या हसल्या. ती मुलगी हसली नाही. तिनं खराच प्रश्न विचारला होता आणि ती उत्तराची वाट बघत होती. तिची थोरली बहीण दाराशी बसली होती. बावीस वर्षांची, बी. कॉम. झालेली, रंगानं काळी. तिला त्या वर्षात तीन ठिकाणांहून नकार आले होते. तिघांनीही कारण सांगितलं नव्हतं, आणि कारण सगळ्या गावाला माहीत होतं. ती उठून आत गेली.

मी कागद पुन्हा पिशवीत ठेवले. त्या दिवशी आम्ही दीपावरच बोललो. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही, म्हणून हा लेख.

मैत्रिणींनो, मालिकांबद्दल आपण कार्यकर्त्या काय बोलतो ते आठवून बघा. "कचरा आहे." "बायकांना गुंगीत ठेवायचं साधन आहे." "बघूच नका." शिबिरात एक सत्र असतं, त्यात आपण मालिकांतल्या दागिन्यांची, कटकारस्थानांची आणि झोपतानाही न उतरणाऱ्या मेकअपची टिंगल करतो. समोरच्या बायका आपल्याबरोबर हसतात आणि घरी जाऊन टीव्ही लावतात. मग आपण म्हणतो, जाणीवजागृती अजून झाली नाही. वाहिनीवाले काय म्हणतात? "आम्ही काय करणार, बायकांना हेच आवडतं." दोघांची भाषा वेगळी, पण मालिका बघणाऱ्या बाईबद्दलचं मत एकच आहे. तिला डोकं नाही, समोर येईल ते ती गिळते. माझं भांडण या मताशी आहे, आणि आधी ते माझ्या स्वतःशी आहे. कारण त्या संध्याकाळी भाज्यात मी जे ऐकलं ते डोकं नसलेल्या बायकांचं बोलणं नव्हतं.

काय बोलल्या त्या?

एका आजींनी मालिकेची बाजू घेतली. म्हणाल्या, "काय बी म्हना, ह्या मालिकेच्या आधी माझा ल्योक सुनंला काळुंद्री म्हनायचा. दीपाचं बघून त्यानं ते सोडलं. आता कधी म्हनत न्हाई." ही साक्ष मी लपवणार नाही. जे काम आमच्या दहा पत्रकांनी झालं नसतं ते त्या घरात मालिकेनं केलं. काळी मुलगी नायिका होते, तिचं दुःख रोज रात्री घरातल्या पुरुषांच्याही समोर मांडलं जातं, याला किंमत आहे. ही मालिका टीआरपीत बराच काळ मराठीतल्या पहिल्या पाचांत होती. इतकी माणसं एका काळ्या मुलीच्या बाजूनं रडली. याला तुच्छ लेखायचा अधिकार मला नाही.

दुसऱ्या एकीनं लगेच उत्तर दिलं. तिचं वाक्य मी जसंच्या तसं देते. "आक्का, दीपाचा रंग रातच्याला तोंड धुतलं की जातुया. माझं तोंड धुऊन काय जानार हाय?"

तिसरी म्हणाली, "आन् ती इतकी गरीब गाय का? सासू बोलली तरी गप, नवरा बोलला तरी गप. मी काळी हाय, पर मी गप न्हाई बसत. माझ्यासारखी काळी मालिकेत का न्हाई?"

चौथीचा मुद्दा आणखी वेगळा होता. "दीपा उन्हात कधी दिसली का तुमाला? आमी काळ्या का झालो? चिखलात वाकून, उन्हात तापून. तिला तसं काय कामच न्हाई."

पाव तासात या चौघींनी जे मांडलं त्याच्यावर आमच्या एम. एस. डब्ल्यू. च्या वर्गात एक सबंध सत्र खर्ची पडलं असतं, आणि तरी इतकं नेमकं कुणी बोललं नसतं. पडद्यावर कुणाला जागा मिळते, कोणत्या अटीवर मिळते, आणि त्या माणसाच्या जगण्यातलं काय गाळलं जातं, हे तिन्ही प्रश्न त्यांनी उभे केले. ते आता मी एकेक करून घेते.

पहिला प्रश्न जागेचा. काळ्या मुलीची गोष्ट सांगायला वाहिनीला काळी मुलगी का चालली नाही? यात अभिनेत्रीला दोष देण्याचा माझा हेतू नाही. तिनं काम केलं आणि मन लावून केलं. निर्णय निर्माते आणि वाहिनी घेतात. नेहमीचं उत्तर असं की ओळखीचा चेहरा लागतो, तशा अभिनेत्री मिळत नाहीत. हे महाराष्ट्रात कुणी म्हणावं? पुण्यात जन्मलेली स्मिता पाटील सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचत होती. तिचा सावळा चेहरा घराघरांत जात होता आणि कुणाचा टीव्ही बंद पडला नाही. १९७७ साली 'जैत रे जैत'मध्ये ती ठाकर समाजातली बाई झाली. ती कादंबरी लिहिणारे गो. नी. दांडेकर आपल्या मावळातल्याच तळेगाव दाभाड्याला राहत. १९८२ च्या 'उंबरठा'त ती महिलाश्रमाची अधीक्षक झाली. आमच्यासारख्या समाजकार्य शिकणाऱ्या किती जणींनी तो सिनेमा बघून ही वाट धरली! २००५ मध्ये 'झी टीव्ही'वर 'सात फेरे' ही हिंदी मालिका आली. तिचाही विषय सावळ्या मुलीचाच होता, आणि सलोनीच्या भूमिकेत राजश्री ठाकूर ही सावळी मराठी अभिनेत्री होती. मालिका सुमारे साडेतीन वर्षं चालली. म्हणजे २००५ मध्ये जे जमलं ते २०१९ मध्ये जमलं नाही. मधल्या काळात उषा जाधव यांना 'धग'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांनी 'फँड्री' आणि 'सैराट'मध्ये गावातली, कधी कॅमेऱ्यासमोर न गेलेली मुलं उभी केली, आणि 'सैराट'नं मराठी सिनेमाच्या कमाईचे सगळे आकडे मोडले. छाया कदम २०२४ मध्ये कान महोत्सवात गाजलेल्या सिनेमात होत्या. तेव्हा अभिनेत्री मिळत नाहीत हे कारण खोटं आहे. अशा चेहऱ्याला चार वर्षं रोज संध्याकाळी मध्यभागी ठेवायची वाहिनीची तयारी नाही, हे खरं कारण आहे.

आणि हे एकट्या मराठीत घडत नाही. ही गोष्ट मुळात मल्याळममधल्या 'करुतमुत्तु' या मालिकेची. तिच्यावरून तेलुगूत, तमिळमध्ये, मराठीत मालिका झाल्या. सगळ्या भाषांत काळ्या मुलीचं दुःख चाललं, याचा अर्थ असा की सगळीकडे घराघरांत ते दुःख आहे. २०१९ मध्येच 'बाला' या हिंदी सिनेमात भूमी पेडणेकर यांना रंग लावून काळं केलं, तेव्हाही यावर वाद झाला होता. वाद विसरला गेला, पद्धत राहिली.

रंग लावून काळं करण्यात काय बिघडतं, असं काही मैत्रिणी विचारतात. अभिनय म्हणजे सोंगच ना? तरुण नट म्हातारा होतो, तसंच हे. नाही, तसं नाही. म्हातारपणाची भूमिका तरुणानं केली म्हणून म्हाताऱ्यांना जगात तोंड लपवावं लागत नाही. इथे मात्र बघणाऱ्या प्रत्येकीला कळतं की या काळ्या थराखाली गोरी आहे. प्रेक्षकांनी तिच्यावर प्रेम केलं ते त्या खात्रीवर. काळा रंग हा तिच्यावर आलेला एक प्रसंग ठरतो, आजारपणासारखा, आणि मालिका संपली की ती त्यातून बरी होते. दहा वर्षांच्या मुलीनं ते अचूक ओळखलं. दीपा बरी झाली, म्हणजे औषध असणार. ते कुठलं, एवढंच तिला विचारायचं होतं.

आता दुसरा प्रश्न, अटीचा. काळ्या मुलीला नायिका व्हायचं असेल तर तिनं देवीसारखं चांगलं असावं लागतं. दीपा राबते, सोसते, क्षमा करते. इनामदारांच्या घरातली सासू सौंदर्या तिच्या रंगावरून तिला पाण्यात पाहते. नवरा कार्तिक डॉक्टर आहे, शिकलेला आहे, तिच्या रंगासकट तिच्यावर प्रेम करतो. पण मूल आपलं नाही असा संशय आला की त्याचं प्रेम आणि शिक्षण दोन्ही संपतं, आणि पोटुशी दीपा घराबाहेर पडते. पुढे वर्षानुवर्षं कथा कशावर चालते? ती पवित्र आहे हे नवऱ्याला कधी पटेल यावर. म्हणजे रंगाचा प्रश्न बाजूला पडला आणि सीतेचाच प्रश्न पुन्हा आला. तिची बहीण श्वेता गोरी, म्हणून ती कारस्थानी. जुनं समीकरण गोरी ती चांगली, काळी ती वाईट असं होतं. लेखकांनी ते नुसतं उलटं केलं. मुळात रंगावरून स्वभाव ठरवायचा नसतो, हे राहूनच गेलं.

"माझ्यासारखी काळी मालिकेत का न्हाई?" हा प्रश्न म्हणून मोलाचा आहे. काळी आणि भांडखोर, काळी आणि हजरजबाबी, काळी आणि थोडी आळशी, काळी आणि तलाठी, काळी आणि एस. टी.ची कंडक्टर, अशी बाई मालिकेत यावी आणि तिच्या रंगाबद्दल कुणी अवाक्षर काढू नये. जगात अशा बायका लाखांनी आहेत. मालिकेत काळी बाई एकतर मोलकरीण असते, नाहीतर रंगाच्या दुःखाची मूर्ती.

तिसरा प्रश्न, काय गाळलं याचा. मावळात जून सरता सरता भातलावणी सुरू होते. कमरेएवढ्या वाकलेल्या बायका दिवस दिवस चिखलात असतात. वडगावच्या केंद्रात तयार झालेला इंद्रायणी तांदूळ पुण्या-मुंबईचे लोक कौतुकानं नेतात, त्या तांदळाच्या मागे या काळवंडलेल्या पाठी आहेत. उन्हातलं काम कुणाच्या वाट्याला येतं आणि सावलीतलं कुणाच्या, हे जात आणि जमीन ठरवते. म्हणून आपल्याकडे 'काळी' या शब्दात नुसता रंग नसतो. "उन्हातली", "आपल्यातली वाटत नाही", "वस्तीवरची दिसते" हे सगळं त्या एका शब्दात असतं. रंग सगळ्याच जातींत सगळे असतात, हे मला माहीत आहे. पण शिवी म्हणून तो शब्द वापरताना वापरणाऱ्याच्या मनात जात असते. मालिकेनं रंग तेवढा उचलला आणि जात, जमीन, मजुरी सगळं पुसून टाकलं. उरला तो दैवाचा खेळ आणि बंगल्यातलं दुःख.

आणि उरला नाही तो पैसा. काळ्या मुलीच्या बापाला लग्नात जास्त मोजावं लागतं हे आपल्या तालुक्यात कुणाला सांगायला नको. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. त्याला साठ वर्षं होऊन गेली आणि रंगाचा भाव अजून बसलेल्या बैठकीत ठरतो. ज्या मुलीबद्दल मी लिहिते आहे ती लोणावळ्यात एका हॉटेलात हिशेबाचं काम करते. तिला पुढच्या काउंटरचं काम हवं होतं. तिच्यापेक्षा कमी शिकलेली मुलगी तिथे उभी आहे. तिला आतल्या खोलीत बसवलंय. रंग धुऊन जात नाही म्हणजे काय, ते हे.

कुणी म्हणेल, एका मालिकेवरून एवढा गहजब कशाला? तर ऐका. सातारा जिल्ह्यातली एक विवाहित मुलगी जानेवारी १९९५ मध्ये विहिरीत बुडून मेली. नवरा तिला काळी म्हणून टोचत असे, दुसरं लग्न करीन म्हणून धमकावत असे, असा आरोप होता. १९९८ मध्ये सत्र न्यायालयानं त्याला दोषी ठरवलं. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं. रंगावरून टोमणे आणि दुसऱ्या लग्नाची धमकी ही संसारातली भांडणं आहेत, कायद्याला अभिप्रेत असलेला छळ नव्हे, असा निकालाचा आशय. याच्या दोन वर्षं आधी, ऑगस्ट २०२३ मध्ये, कर्नाटक उच्च न्यायालयानं एका नवऱ्याला घटस्फोट दिला होता. बायको त्याला काळा म्हणून हिणवायची, ही क्रूरता आहे, असं तिथे मानलं गेलं. मी हे दोन निकाल शेजारी ठेवते तेव्हा वकील मैत्रिणी मला सांगतात की एक फौजदारी आहे, दुसरा घटस्फोटाचा. फौजदारीत पुरावा जास्त कडक लागतो, तुलना सरळ होत नाही. मान्य. पण खेड्यातल्या बाईला यातून काय ऐकू येतं? नवऱ्याला काळा म्हटलं तर ती क्रूरता, बायकोला काळी म्हटलं तर ती घरातली कुरबुर. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात अपमान, टिंगल, नावं ठेवणं ही शाब्दिक आणि भावनिक हिंसा मानली आहे. कायद्यात ते लिहिलेलं आहे. माणसांच्या मनात ते अजून लिहिलेलं नाही. मनात लिहायचं काम रोज संध्याकाळी घराघरांत जाणारं माध्यम करू शकतं. आजीच्या मुलानं शिवी सोडली ती त्यामुळेच. म्हणूनच त्या माध्यमानं ते अर्धवट आणि खोटं रंगवून केलं, याचा राग येतो.

आता एक गंमत पाहा. जाहिरातींच्या स्वयंनियमन संस्थेनं २०१४ मध्ये नियम केला की गोरेपणाच्या उत्पादनांच्या जाहिरातीत काळ्या रंगाच्या माणसाला दुःखी, अनाकर्षक, खचलेलं दाखवायचं नाही. २०२० च्या जुलैत 'फेअर अँड लव्हली'चं नाव 'ग्लो अँड लव्हली' झालं. म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीत जे दाखवायला मनाई आहे, त्यावर अर्ध्या तासाची मालिका चार वर्षं चालते. वरून तिला सामाजिक संदेश म्हणतात.

पण बोट दुसऱ्याकडे दाखवून मला थांबता येणार नाही. आम्ही एम. एस. डब्ल्यू.ला होतो तेव्हा हुंड्यावर पथनाट्य बसवलं होतं. त्यात एक प्रवेश होता, काळ्या मुलीला नाकारण्याचा. ती भूमिका मी केली. मी गोरी. मैत्रिणींनी माझ्या तोंडाला काजळ चोळलं, सगळ्यांना फार मजा आली. चौकाचौकांत आम्ही ते नाटक केलं, टाळ्या मिळवल्या. आमच्या गटात एक मुलगी खरोखरच काळी होती. ती कडेला उभी राहून डफ वाजवत असे. तिला ती भूमिका देण्याचं आमच्यापैकी एकीलाही सुचलं नाही. कदाचित सुचलं असेल आणि अवघड वाटलं असेल. मी तोंड धुऊन वसतिगृहात परत जायची, तीही माझ्याबरोबर परत यायची. ती काय विचार करत होती, मी कधी विचारलं नाही. भाज्यातल्या बाईनं तोंड धुण्याचं वाक्य उच्चारलं तेव्हा मला पहिली आठवण झाली ती तिची. वाहिनीनं चार वर्षं जे केलं ते मी आधीच करून बसले होते, आणि तेही समतेच्या नावानं.

आपल्या चळवळीत हे आणखी कुठे कुठे आहे, ते तपासायला हवं. आपल्या पोस्टरवरची शोषित बाई नेहमी काळी का असते आणि व्यासपीठावरची वक्ती बहुधा गोरी का असते? मुलाला स्थळं पाहताना आपल्यातल्या किती जणी "रंग सोडून सगळं बरं आहे" असं म्हणाल्या आहेत? विठ्ठल काळा, रखुमाई काळी, त्यांच्या पायावर डोकं ठेवायला वारीत चालत जायचं आणि घरी येऊन लेकीला हळद-बेसन चोळायचं, हे आपल्याच घरांत चालतं. भाज्याच्या लेण्यात तबल्यासारखं वाद्य वाजवणारी एक बाई कोरलेली आहे, तिच्या तालावर दुसरी नाचते आहे. दोन हजार वर्षांहून जुनं काम. सह्याद्रीच्या काळ्या कातळातल्या या बाया बघायला लांबून लोक येतात आणि सुंदर म्हणतात. वाटेवर तशाच रंगाची बाई कणसं भाजत बसलेली असते.

मग करायचं काय? मालिका बंद करा, बंदी आणा, ही मागणी मला मान्य नाही. बंदीची मागणी करायला आपल्याला प्रेक्षक बायकांना विचारावं लागत नाही, म्हणून ती सोपी वाटते. १९८६ चा स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदा आपल्या हाती आहे. पण तो उघड्या अंगाचं बघतो, रंगवलेल्या तोंडाचं त्याला काही करता येत नाही. शिवाय आजीच्या घरातली शिवी ज्या मालिकेनं घालवली ती बंद पाडून मी आजीला काय सांगू?

मागणी करायची ती चांगल्या मालिकेची. काळ्या बाईची गोष्ट असेल तर ती काळ्या बाईनंच करावी, ही पहिली. रंगाचा विषय नसलेल्या मालिकांतही सगळ्या रंगांच्या बायका सगळ्या भूमिकांत दिसाव्यात, ही दुसरी. रंगाच्या दुःखावर चालणाऱ्या मालिकेच्या मध्ये उजळपणा विकणारी जाहिरात घेऊ नये, ही तिसरी. ही मागणी ऐकवायला जागाही आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे कार्यक्रमाविरुद्धची तक्रार आधी वाहिनीकडे, मग वाहिन्यांच्या स्वयंनियमन मंडळाकडे, मग सरकारकडे नेता येते. आपण कितीदा नेली?

टीआरपीचं म्हणाल तर तेही समजून घ्या. देशात टीव्ही असलेली घरं २०२० च्या सुमारास एकवीस कोटी होती. कोण काय बघतं हे मोजणारी 'बार्क'ची यंत्रं पन्नास हजारांहून थोड्या जास्त घरांत असतात. त्यावरून सगळ्यांची आवड ठरते. भाज्यातल्या आमच्या गटात कुणाच्या घरी तसं यंत्र आलेलं नाही. आणि आलं असतं तरी यंत्राला एवढंच कळतं की टीव्ही कुठल्या वाहिनीवर चालू होता. बघणारी बाई कौतुकानं बघत होती की "खोटं हाय हे" म्हणत बघत होती, हे यंत्राला कळत नाही. ते आपल्याला कळू शकतं, कारण आपण त्या बायकांसोबत बसतो. "बायकांना हेच आवडतं" या वाक्याला उत्तर देण्याइतकी माहिती वाहिन्यांपेक्षा आपल्याकडे जास्त आहे. आपण ती टाकून देतो.

आमच्या गटानं पुढच्या बैठकीत एक पत्र लिहिलं. मी मजकूर सांगितला नाही, फक्त लिहून घेतलं. त्यातलं एक वाक्य असं आहे: "आमच्यातल्या पोरी अभिनय करत नसतील असं तुम्हाला कुणी सांगितलं?" उत्तर अजून आलेलं नाही. पाण्याचा आणि जागेचा ठरावही त्याच बैठकीत झाला. मालिकेवर तासभर बोललेल्या बायका ग्रामसभेत गप्प बसल्या नाहीत. उलट एकीनं सरपंचांसमोर बोलताना जो आवाज लावला तो मी आधी फक्त दीपाच्या वादात ऐकला होता.

थोरलीचं लग्न अजून ठरलेलं नाही. ती म्हणते, आता तीच मुलांना नाकारते. मला ते पूर्ण खरं वाटत नाही, पण तिनं तसं म्हणायला सुरुवात केली आहे. धाकटीच्या प्रश्नाला त्या संध्याकाळी मी उत्तर दिलं होतं. म्हटलं, "दीपानं कुठलीच क्रीम लावली नाही. ती आधीपासून गोरीच होती. तिला काळा रंग लावला होता." ती थोडा वेळ विचारात पडली. मग म्हणाली, "मग ज्या काळ्या हायेत त्यांना का न्हाई घेतलं?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न मी तुमच्या गटांकडे पाठवते आहे. तुमच्या बैठकीत तो विचारा. कार्यकर्तीनं पहिला तासभर बोलू नये, नुसतं ऐकावं. बायका काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यातलं छापू, आणि सगळं एकत्र करून वाहिन्यांच्या दारात घेऊन जाऊ.